ओल्या फडक्यातला फोन

माझे काका हरिश्चंद्र चुरी यांचा कागदावर जेवढा विश्वास आहे तेवढा देवावरसुद्धा नसेल. पापडीजवळ त्यांची वाडी आहे. सोनचाफ्याची साठेक झाडं, थोडी केळी, मांडवावर तोंडली, आणि घरात एक पत्र्याची पेटी. त्या पेटीत १९८७ सालचं विजेचं बिल आहे. रॉकेलचं कार्ड आहे, रॉकेल मिळेनासं होऊन जमाना झाला तरी. सुशीलाकाकीच्या शेवटच्या आजारपणातले रिपोर्ट तारीखवार लावलेले आहेत, आणि काकीला जाऊन दोन वर्षं झाली. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. एक घरात, एक पिशवीत आणि एक ‘असू दे’ म्हणून. ही तिसरी कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, “पहिल्या दोन हरवल्या की तू देनार हायेस काय?”

मी त्यांचा पुतण्या, विपुल. वालीवला बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी बघतो, नायगावला चौदाव्या मजल्यावर राहतो, आणि सगळ्या नातेवाइकांत मोबाईलमधला जाणकार म्हणून मिरवतो. कुणाचा फोन अडला की विपुलला बोलवा. गेल्या सप्टेंबरात मी काकांचं जे केलं त्याबद्दल मला आजवर कुणी एक शब्दही बोललेलं नाही. ना काका, ना हेमाली. म्हणून मीच लिहून ठेवतोय.

आधी काकांचा धंदा सांगायला हवा. चाफा उजाडायच्या आत खुडतात, कळी उमलायच्या बेतात असताना. मग ओल्या फडक्यात ठेवतात, फडक्यावर केळीचं पान, पानावर सुतळी. ऊन लागलं की चाफा तांबूस पडतो आणि दादरचा व्यापारी तोंड वाकडं करतो. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे जगातल्या कुठल्याही तापलेल्या वस्तूवर काकांकडे एकच औषध. लहानपणी मला ताप आला की ओलं फडकं. स्कूटरची टाकी तापली, ओलं फडकं. टीव्ही तापला तेव्हा काकीनं वेळेवर हात धरला म्हणून वाचला. आम्ही पोरं हसायचो.

आणि प्रत्येक पुडक्यात एक चिठ्ठी. शेजारच्या वाडीतले थॉमस तुस्कानो आणि काका, दोघांचा माल एकाच टेम्पोतून दादरला जायचा. पुडकी दिसायला सारखी, त्यामुळे चुरींची फुलं तुस्कानोंच्या नावावर आणि त्यांची आमच्या नावावर धरली जायची. तेव्हापासून पान आणि फडकं यांच्यामध्ये चिठ्ठी सरकवायची पद्धत पडली. वर पाठवणाऱ्याचं नाव, खाली माल ज्याच्याकडे जायचा त्याचं. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहायची, कारण शाई ओलीत पसरते. दोघं मित्र एक पेन्सिल घेऊन तिचे दोन तुकडे करायचे, एक ह्यांना, एक त्यांना.

पाच वर्षांपूर्वी थॉमस अंकलच्या गॉडफ्रेशी काकांच्या हेमालीनं लग्न केलं. हेमाली काकांची एकुलती एक. काकांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, आपण समजूत तरी घातली असती. त्यांनी नुसतं बोलणं बंद केलं. थॉमसशी, गॉडफ्रेशी, पोटच्या मुलीशीसुद्धा. तुस्कानो हे नाव घरात निघेनासं झालं. शेजारच्या वाडीला ते ‘पलीकडे’ म्हणायला लागले. पेन्सिल अख्खी विकत आणायला लागले. हेमाली आणि गॉडफ्रे ऑस्ट्रेलियात पर्थला गेले. काकी दुपारची माझ्या फोनवरून हेमालीशी बोलायची, काका झाडांत असताना. काकी गेली तेव्हा हेमालीला वेळेवर पोचता आलं नाही, तिनं आईला माझ्या फोनच्या पडद्यावर शेवटचं पाहिलं. त्या वेळी काका माझ्या फोनकडे पाठ करून बसले होते. मला त्यांचा इतका राग आला होता की मी महिनाभर वाडीत पाय ठेवला नाही.

मग ऑगस्टमध्ये गॉडफ्रेचा फोन आला. हेमालीला सातवा चालू होता आणि बीपी काही केल्या उतरत नव्हतं. बाळ लवकर काढावं लागेल असं डॉक्टर म्हणत होते. “ती रडत नाही रे,” गॉडफ्रे म्हणाला, “नुसती छताकडे बघत राहते. भ्यायलीय. काल मला बोलली, विपुलला विचार, बाबा येतील का.”

मी वाडीत गेलो ते भांडायच्या तयारीनं. काका ओटीवर पुडकी बांधत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. हातातली गाठ नीट मारली, सुतळी दातानं तोडली आणि म्हणाले, “तिकीट कवाचं मिळेल?”

“फोन लावू? बोलता तिच्याशी?”

“नको. समोर जाऊन बोलेन.”

पासपोर्ट होता. काकीनं हट्टानं दोघांचे काढून ठेवले होते, कधीतरी ह्यांचा राग उतरेल म्हणून. व्हिसा तीन आठवड्यांत आला, पण तो पासपोर्टवर चिकटवून येत नाही, त्यांच्या कॉम्प्युटरात असतो. इथून काकांची झोप उडाली. “शिक्का नाय, सही नाय, तो व्हिसा कसला रे?” दिवसातून चारदा विचारायचे. आयुष्यात कधी विमानात न बसलेला अडुसष्ट वर्षांचा माणूस. घाबरला होता, आणि ते कबूल करायची लाज वाटत होती म्हणून मला कागदांबद्दल छळत होता. हे मला आज कळतं. तेव्हा मला नुसता वैताग यायचा.

जायच्या दिवशी संध्याकाळी मी गाडी घेऊन वाडीत गेलो तर हातातल्या सामानात एक कापडी पिशवी आणि वर निळी फाईल. फाईल चांगली वीतभर जाड. तिकीट, व्हिसाचं पत्र, विमा, गॉडफ्रेचं निमंत्रण, हॉस्पिटलचा पत्ता, माझं आधार कार्डसुद्धा, सगळं तीन तीन प्रतींत. सगळ्यात वरच्या पानावर त्यांनी मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत, हेमालीचं घर, हॉस्पिटल, गॉडफ्रेचा नंबर, माझा नंबर असं लिहिलं होतं. अक्षर शाळकरी मुलासारखं, ओळी पट्टीनं मारलेल्या.

विमानतळाच्या दाराशी मी ती फाईल पिशवीतून काढून घेतली.

“काका, हसतील लोक. हे बघा,” मी माझा जुना फोन त्यांच्या हातात दिला. “इथे ‘पर्थ’ लिहिलंय ना? दाबा. तिकीट, बोर्डिंग पास, पत्ता, नंबर, सगळं आहे. कुणी काही विचारलं की हे दाखवायचं. आता जग असंच चालतं.”

काकांनी फाईलचं दुसरं टोक सोडलं नव्हतं. “एवढं वरचं पान तरी काढून दे.”

“त्याचाही फोटो आहे आत. सोडा हो!”

त्यांनी सोडली. मग माझं मनगट धरलं. “विपुल, फोन बिघडला तर?”

“नाही बिघडत. फक्त जरा जुना आहे, तापू देऊ नका. तापला की बंद पडतो.”

हे वाक्य माझंच. त्या फोनच्या मागचा कोपरा फुटलेला होता आणि मी त्यावर चिकटपट्टी लावली होती, हेही मीच केलेलं. कापडी पिशवीच्या तळाशी ओल्या फडक्यात पंचवीस सोनचाफे आहेत, हे मात्र मला माहीत नव्हतं. पाच वर्षांनी मुलीसमोर रिकाम्या हातानं जाववत नव्हतं म्हणून त्यांनी ते घेतले होते. मला सांगितलं असतं तर मी तेही काढून टाकले असते.

पुढे काय झालं ते काकांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मी क्रमानं लावतोय.

विमानात त्यांना भीतीनं झोप आली नाही. दर पाच मिनिटांनी ते फोन उघडायचे आणि ‘पर्थ’ दाबून सगळं जागेवर आहे ना ते बघायचे. तिकीट आहे. पत्ता आहे. बंद. परत उघड. असं तास दोन तास चालल्यावर फोन तापणारच. हाताला चटका लागायला लागला तशी त्यांची छाती धडधडायला लागली. पुतण्यानं बजावलेलं होतं, तापला की बंद पडतो. शेजारचा माणूस तोंडावर पांघरूण घेऊन झोपलेला. विचारायचं कुणाला? मग काकांनी तेच केलं जे त्यांना येतं. पुडकं सोडलं, फुलं बाजूला सारली, फोन मधोमध ठेवला आणि फडकं वरून नीट लपेटलं. फडकं सुकत आलंय असं वाटलं म्हणून हवाईसुंदरीनं दिलेल्या ग्लासातलं पाणी वरून शिंपडलं. पान गुंडाळलं, सुतळी बांधली, आणि पहिल्यांदा त्यांना जरा बरं वाटलं. डोळा लागला.

सिंगापूरला विमान बदलायचं होतं. दाराशी बोर्डिंग पास मागितला. काकांनी पुडकं सोडून फोन बाहेर काढला तर पडदा काळा. बटण दाबलं. काळाच. दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं. चिकटपट्टीच्या कडेनं पाण्याचा एक थेंब निघाला आणि त्यांच्या बोटावरून ओघळला.

“संपलंच रे सगळं,” काका मला म्हणाले. “म्हटलं, आता ना पुढे, ना मागे.”

खाली बसलेच ते, फरशीवर. सदऱ्यानं फोन पुसला, काखेत धरून बघितला, फुंकर मारली. लोक बाजूनं जात होते. शेवटी कुणीतरी त्यांना उठवून काउंटरवर नेलं. तिथल्या मुलीनं पासपोर्ट बघितला, दोन बटणं दाबली आणि एवढासा कागदी पास छापून दिला. काकांनी तो मुठीत धरला तो पर्थ येईपर्यंत सोडला नाही. लघवीलासुद्धा उठले नाहीत.

विमानात एक फॉर्म वाटला, चक्क कागदाचा. काका मॅट्रिक आहेत, एकेक अक्षर लावत इंग्रजी वाचतात. कुठे राहणार, पत्ता लिहा. फोन नंबर लिहा. फाईलमधल्या वरच्या पानाची पट्टीनं मारलेली ओळ न् ओळ डोळ्यांसमोर येत होती, पण त्या ओळींवर काय लिहिलं होतं ते येईना. घाबरलेल्या माणसाला स्वतःचं गाव आठवत नाही, इथे तर परका पत्ता. जागा कोरी राहिली. खाली विचारलं होतं, झाडं, फुलं, फळं काही आहे का? काकांनी ‘हो’वर खूण केली. हरिश्चंद्र नाव ठेवल्याचं चीज म्हणायचं.

इकडे मी वालीवला ऑफिसात. सकाळी पाठवलेल्या मेसेजवर एकच खूण होती, म्हणजे तो पोचला नव्हता. म्हटलं, विमानात असतील. बारा वाजता विमान उतरलं, तरी एकच खूण. फोन लावला, बंद. साडेबाराला, बंद. समोर बिजागऱ्यांच्या स्क्रूचं कोटेशन उघडं होतं आणि मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. एक वाजता गॉडफ्रेचा फोन आला.

“विपुल, काका बाहेर आलेच नाहीत. त्या विमानातले सगळे गेले. तो फोन का बंद आहे?”

“येतील. लाईन असेल.”

“ऐक ना.” त्याचा आवाज फाटला. “हेमालीला आज पाचला आत घेतायत. बीपी चढलंय. आता इकडे साडेतीन झालेत. तिला मी बोलून आलोय, बाबांना घेऊन येतो. मी किती थांबू?”

मी खाली पार्किंगमध्ये गेलो, का गेलो माहीत नाही. गाडीच्या मागच्या सीटवर ती निळी फाईल होती. काल टाकली तशीच. मी दार लावून आत बसलो आणि वरचं पान वाचलं. घर, हॉस्पिटल, नंबर. ज्या कागदाची त्या क्षणी तिकडे गरज होती तो वसईत माझ्या मांडीवर होता. मग त्या पानाचा फोटो काढून काकांच्या फोनवर पाठवला. एकदा नाही, सात-आठ वेळा. एकेक खूण येत गेली.

त्या वेळी काका आतल्या एका खोलीत बाकावर बसले होते. पासपोर्ट टेबलापलीकडे, एका गणवेशातल्या बाईसमोर. बाई चांगली होती. तिनं पाणी दिलं, फोनवर कुणी हिंदी बोलणारी बाई जोडून दिली. आवाज एकदाही चढवला नाही. काका म्हणतात, चढवला असता तर बरं झालं असतं, ओरडणारा माणूस आपल्याला कळतो.

कुठे राहणार? मुलीकडे. पत्ता? फोनमधी हाय, फोन मेला. मुलगी आत्ता कुठे आहे? हॉस्पिटलमधी. कुठल्या? काकांना सांगता येईना. मुलीचं पूर्ण नाव?

“हेमाली हरिश्चंद्र चुरी.”

बाईनं पडद्याकडे बघितलं, मग काकांकडे. परत विचारलं. काकांनी परत तेच सांगितलं, जरा जोरात. बाईनं काहीतरी टिपून घेतलं. कुणी घ्यायला आलंय का? जावई. त्याचं नाव?

इथे काकांच्या लक्षात आलं. बाईच्या कॉम्प्युटरात दुसरं नाव असणार. हेमालीचं आडनाव चुरी नाही, पाच वर्षांपासून नाही, हे त्यांना माहीत होतं. पण तोंडातून निघालं ते चुरीच. आणि आता आपणहून दुसरं आडनाव सांगितलं तर काय म्हणतील? म्हातारा खोटं बोलतोय. कागद नाही, पत्ता नाही, मुलीचं नाव धड सांगत नाही. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायलासुद्धा हात उचलेना.

“परत पाठवतील याचं भ्या नव्हतं,” काका मला म्हणाले. “भ्या एकच होतं. तिकडं ती पडलीय, दाराकडं बघत असंल. तिला वाटंल, बाप आलाच नाय. आईच्या वेळीसारखी पाठ करून बसला.”

तेवढ्यात दुसऱ्या गणवेशातला एक माणूस त्यांची कापडी पिशवी घेऊन आला. फॉर्मवर ‘हो’ केलं होतं ना, ते बघायला. हातात रबराचे मोजे. त्यानं पुडकं टेबलावर ठेवलं आणि सुतळी कापली. पान उलगडलं, आणि ती खोली सोनचाफ्याच्या वासानं भरून गेली. टेबलापलीकडची बाई लिहायची थांबली. पान आणि फडकं यांच्यामध्ये घडी केलेला एक ओला कागद होता. माणसानं तो चिमट्यानं उचलला आणि विचारलं, हे काय?

काका त्या कागदाकडे बघतच राहिले. निघायच्या दिवशी सकाळी पुडकं बांधताना फाईलमधल्या वरच्या पानावरून त्यांनीच तो लिहिला होता. विचार करून नाही. पुडकं बांधलं की चिठ्ठी घालायची, हाताला सवय. लिहून घडी घातली, मध्ये सरकवली आणि विसरून गेले. पुडकं दोनदा सोडून परत बांधलं तेव्हाही ती ओल्या पानाला चिकटून राहिली होती.

“माझा हाय,” ते उठून उभे राहिले. “रीड. आय रीड.”

कागद ओलाचिंब होता, पण पेन्सिल जागच्या जागी होती. वर ‘ह. चुरी, पापडी’. काकांनी खाली बोट ठेवलं. पाच वर्षांत घरात न निघालेलं नाव त्यांनी तिथे, दोन परक्या माणसांसमोर आणि फोनवरच्या त्या बाईला ऐकू जाईल असं, मोठ्यानं वाचलं.

“सौभाग्यवती हेमाली गॉडफ्रे तुस्कानो. पर्थ.”

बाईनं पडद्याकडे बघितलं आणि मान हलवली. खाली गॉडफ्रेचा नंबर होता, मराठी आकड्यांत. काका एकेक आकडा इंग्रजीत सांगत गेले, शाळेत उभं राहून पाढे म्हणावेत तसे, आणि बाई स्वतःच्या टेबलावरच्या फोनवर दाबत गेली. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत गॉडफ्रेनं उचलला. तो भिंतीपलीकडे उभा होता.

फुलं आत न्यायला परवानगी नव्हती. त्या माणसानं काकांना नीट समजावून सांगितलं, आणि पंचवीस चाफे, पान, फडकं, सगळं पिवळ्या पिशवीत बंद केलं. काका चिठ्ठीकडे बोट दाखवून फक्त “प्लीज” म्हणाले. माणसानं ती दोन्ही बाजूंनी पुसली, उजेडात धरून बघितली आणि परत दिली.

पुढचं काका मला सांगत नाहीत. “मग पोचलो,” एवढंच म्हणतात. पुढचं हेमालीनं आणि गॉडफ्रेनं सांगितलं.

ते पोचले तेव्हा पाचला दहा कमी होते. हेमालीला चाकाच्या पलंगावर घेतलं होतं. ती सांगते, तिचे दात वाजत होते, थंडीनं नाही. आई अशीच पलंगावरून आत गेली होती आणि परत आली नव्हती, ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. दारात तिला बाबा दिसले. चुरगळलेला सदरा, हातात काही नाही, केस विस्कटलेले. ते पलंगापाशी आले. पाच वर्षांचं बोलायला सुरुवात कुठून करणार? त्यांनी खिशातून तो ओला कागद काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

आधी तिला वास आला. मग तिनं घडी उलगडली आणि वाचलं. अक्षर कुणाचं हे विचारायची गरज नव्हती, तरी तिनं विचारलं.

“बाबा, हे तुम्ही लिहिलंत?”

काका म्हणाले, “माल ज्याचा त्याच्याच नावानं जातो, बाय. माझ्या नावावर कसा ठेवू?”

नर्सनं चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला तर हेमाली मूठ उघडेना. मग तिनं ती बाबांच्याच हातात परत दिली आणि म्हणाली, “इथंच थांबा. जाऊ नका.” पलंग आत गेला, दार मिटलं.

काका दारासमोर उभे राहिले. गॉडफ्रेनं खुर्ची आणून दिली, बसले नाहीत. इकडे मी वालीवच्या पार्किंगमध्ये फाईल मांडीवर घेऊन बसलेला, गॉडफ्रेच्या फोनची वाट बघत. तीन माणसं, तिघंही घाबरलेली. चाळीस मिनिटं गेली. मग दार उघडलं आणि नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, आई बरी आहे. मुलगी झाली, लहान आहे, दोन किलोला जरा कमी, पण रडली.

थोड्या वेळानं बाळ काचेच्या पेटीतून दाखवायला आणलं. गॉडफ्रे चेहरा बघून रडायला लागला. काका चेहऱ्याकडे बघतच नव्हते. ते वाकून बाळाच्या पायाकडे बघत होते. घोट्याला प्लास्टिकची बारीक पट्टी बांधलेली होती आणि तिच्यावर काहीतरी लिहिलेलं.

“काय लिवलंय रे?”

पाच वर्षांत त्यांनी गॉडफ्रेशी स्वतःहून बोललेलं पहिलं वाक्य.

“हेमाली तुस्कानोचं बाळ,” गॉडफ्रेनं वाचून दाखवलं.

काकांनी काचेवरूनच त्या पट्टीवर बोट फिरवलं. मग काळजीनं विचारलं, “ओलीत पसरनार नाय ना?”

“नाही काका. नाही पसरत.”

तेव्हा कुठे ते खुर्चीवर बसले.